मद्यमुक्तीच्या सभेची वाट

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गतकालाचा हिशेब मांडावा, अशी आपली रीत आहे. पन्नास वर्षांत देवळाची इमारत कशी उभी राहिली, शाळेचे वर्ग किती वाढले, कोणकोणत्या घरांतून धर्मगुरू व धर्मभगिनी निघाल्या, हे सर्व महोत्सवाच्या स्मरणिकेत जाणत्या मंडळींनी लिहिले आहे. ते वाचून आपणां सर्वांस समाधान वाटेल, यात संशय नाही. मजवर मात्र या सभेत चार शब्द बोलण्याचे काम आले, तेव्हा मी असा विषय घेतला आहे की जो महोत्सवाच्या मांडवात सहसा कोणी काढीत नाही. आपल्या गावातील एखाद्या माणसास आज सायंकाळी दारू सोडावी असे मनापासून वाटले, तर त्याने कोठे जावे? एवढाच प्रश्न आज मी आपणांपुढे ठेवणार आहे.

दारू वाईट आहे हे सांगण्याकरिता मी उभा राहिलो नाही. ते पिणाऱ्यास ठाऊक आहे, आणि त्याच्या घरच्या बाईस तर त्याहूनही अधिक ठाऊक आहे. पगाराच्या दिवशी स्थानकापासून घरापर्यंतची दहा मिनिटांची वाट ज्यास तीन तास पुरत नाही, तो आपल्या लेकरांचा वैरी असतो असे मुळीच नाही. कित्येक जण राखेच्या बुधवारी दारू सोडतात, चाळीस दिवस थेंबास शिवत नाहीत, आणि ईस्टरच्या रात्री व्याजासकट सर्व वसूल करतात. मग स्वतःच्या मनाची समजूत घालतात की, ज्या अर्थी उपवासकाळात मी सोडू शकतो, त्या अर्थी मला व्यसन नाही. वस्तुतः या मनुष्यास सोडणे जमते, सुटलेले राहणे तेवढे जमत नाही. आजच्या विषयाचे सारे मर्म या भेदात आहे.

हे पाप आहे की आजार आहे, असे मला पुष्कळदा विचारण्यात येते. माझे उत्तर असे की, पहिला पेला हाती घेताना मनुष्याची इच्छा स्वतंत्र असते; परंतु वर्षानुवर्षांच्या सवयीने मेंदूचा व्यापारच बदलून जातो, आणि पुढे पुढे ती इच्छा दोरीने बांधल्यासारखी होते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात मद्यावलंबनास स्थान दिलेले आहे. क्षयाच्या रोग्यास आपण प्रवचन करीत बसत नाही, त्यास दवाखान्याची वाट दाखवितो. तद्वत येथेही वाट दाखवावी लागते. ज्यास क्षमा हवी त्यास पापनिवेदनाचे आसन मोकळे आहे. पण क्षमा मिळाली म्हणून उपचाराची गरज सरली, असे कोणी समजू नये.

ख्रिस्तसभेने या बाबतीत पूर्वी काय केले, तेही थोडक्यात पाहावे. आयर्लंडातील कॉर्क शहरी फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅपुचिन धर्मगुरूंनी १८३८ साली मद्यत्यागाच्या शपथेची चळवळ सुरू केली व लक्षावधी लोकांनी त्यांच्यापुढे शपथ घेतली. त्या चळवळीने पुष्कळ कल्याण झाले. तथापि शपथ घेऊन घरी गेलेल्या माणसाची दुसऱ्या दिवशी विचारपूस करणारे कोणी नसल्यास ती शपथ किती दिवस टिकावी? डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट याचे उदाहरण आपणांपैकी कित्येकांस ठाऊक असेल. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने शपथ घेतली, तीही आरंभी अवघ्या तीन महिन्यांची. पुढे १९२५ साली मृत्यू येईपर्यंत त्याने दारूस स्पर्श केला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यास ‘वंदनीय’ ही पदवी दिली. परंतु मॅट टॅलबटने केवळ शपथ घेतली नव्हती. रोज पहाटेच्या मिस्सेने दिवस सुरू करण्याचा नेम त्याने धरला आणि संध्याकाळी ज्या वाटेवर गुत्ते होते ती वाटच सोडली. ज्याच्या अंगी एवढे बळ नाही त्याने काय करावे, हा प्रश्न त्यानंतरही उरलाच.

त्या प्रश्नाचे एक उत्तर १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन नावाच्या कारखान्यांच्या गावी सापडले. ती हकीकत मी थोडी विस्ताराने सांगतो. कारण तीत एका धर्मगुरूचा सहभाग आहे, आणि तो सहभाग केवळ दूरध्वनी उचलण्यापुरता आहे.

न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअरबाजारात काम करणारे गृहस्थ. दारूपायी त्यांचे सर्वस्व गेले होते. १९३४ च्या डिसेंबरात, रुग्णालयात असताना, त्यांची दारू सुटली. त्यानंतर पाचसहा महिने ते इतर दारूबाजांस गाठून उपदेश करीत फिरले. त्या उपदेशाने एकाचीही दारू सुटली नाही. मात्र उपदेश करणाऱ्याची सुटलेली राहिली! त्यांचे डॉक्टर सिल्कवर्थ यांनी त्यांस सांगितले की, प्रवचन कमी करा. हा आजार माणसास कोठवर नेतो, ते तुम्ही भोगले आहे तसे आधी सांगा. सज्जनहो, माझ्या पेशाच्या माणसास हा सल्ला जिव्हारी लागावा असाच आहे.

मे १९३५ मध्ये बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आले. काम फसले, सोबती निघून गेले, खिसा जवळजवळ रिकामा. शनिवारची सायंकाळ होती. उपाहारगृहाच्या दिवाणखान्यात ते येरझारा घालीत होते. एका बाजूस मद्यगृह, त्यातून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूस भिंतीवर गावातील देवळांची यादी लावलेली. त्या क्षणी त्यांस उमगले की, आज आपण एखाद्या दुसऱ्या दारूबाजाशी बोललो नाही तर आपण पुन्हा पिणार. त्याला वाचविण्याकरिता नव्हे, स्वतः वाचण्याकरिता! त्यांनी यादीतील एक नाव निवडून दूरध्वनी केला. पलीकडे वॉल्टर टंक्स नावाचे एपिस्कोपल पंथाचे धर्मोपदेशक होते. एक परका मनुष्य शनिवारी सायंकाळी म्हणतो की, मला एक दारूबाज पाहिजे. असे असता त्या भल्या गृहस्थाने दूरध्वनी खाली ठेवला नाही; त्याने काही नावे दिली. एकामागून एक नावे फुकट गेली. अखेर त्या धाग्याने हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंपर्यंत ते पोहोचले, आणि त्यांच्या घरी दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, गावातील शस्त्रवैद्य डॉक्टर बॉब स्मिथ यांची व त्यांची गाठ पडली. डॉक्टर स्वतः पुरते व्यसनाधीन. आपण पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही, असे बजावून ते आले होते. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. आजवर त्यांस सर्वांनी उपदेश केला होता, पण जो बोलतो तो आपल्याच रोगाचा रोगी आहे, असा मनुष्य त्यांस प्रथमच भेटला होता. मध्यंतरी डॉक्टर एकदा घसरले. परंतु १० जून १९३५ नंतर त्यांनी दारू घेतली नाही. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे आपण ज्यास ‘ए. ए.’ म्हणतो, त्या बंधुत्वाचा जन्मदिन मानतात.

या हकिकतीकडे नीट लक्ष द्या. या बंधुत्वाची पहिली सभा शोधण्याकरिता देवळांची एक यादी, एक दूरध्वनी व एक उत्तर देणारा मनुष्य, एवढेच लागले. मद्यगृहाची वाट तर कोणास विचारावी लागत नव्हती. दुसऱ्या वाटेचा पत्ता मात्र भिंतीवर लावलेला असावा लागला.

आपल्या कॅथलिक मंडळींचाही त्या आरंभकाळी हात लागला आहे. अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनी रुग्णांस दाखल करून घेण्याचे काम पाहत. त्या काळी दारूबाजास खाट देण्यास रुग्णालये नाखूष असत. ऑगस्ट १९३९ मध्ये डॉक्टर बॉब यांच्या विनंतीवरून सिस्टरांनी अशा एका रुग्णास पोटाच्या विकाराचा म्हणून नोंदवून घेतले, आणि जेथे रुग्णांकरिता आलेली फुले लावून ठेवीत त्या खोलीत त्याची खाट घातली. पुढे तेथे हजारो रुग्ण आले. बरा होऊन निघणाऱ्याच्या हाती त्या येशूच्या पवित्र हृदयाचे चिन्ह ठेवीत व सांगत की, पुन्हा पिण्याची वेळ आली तर पहिल्या पेल्याआधी हे मला परत आणून दे. सेंट लुईचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग हे स्वतः मद्यपी नव्हते. पण या बंधुत्वाच्या बारा पायऱ्या वाचून त्यांस संत इग्नाशियसच्या आध्यात्मिक साधनेशी त्यांचे साम्य दिसले, आणि १९४० च्या अखेरीस ते बिल विल्सन यांस मुद्दाम भेटावयास गेले. त्या दोघांचा स्नेह फादरांच्या मृत्यूपर्यंत टिकला.

भारतात हे बंधुत्व १९५७ साली मुंबईत रुजले. वांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळात फादर जो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’चे काम सुरू केले, त्यात ए. ए. च्या पायऱ्यांस त्यांनी आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या योगविद्येची जोड दिली. पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथून बाहेर पडलेल्यांच्या पाठपुराव्याच्या सभा निरनिराळ्या गावी भरतात, आणि व्यसनी माणसांच्या पत्नींकरिता ‘सहचरी’ नावाचा गट आहे. सारांश, वाट आहे. ती दूरही नाही. मग आपल्या गावातील मनुष्य तेथे का पोहोचत नाही?

त्याचे कारण भीती. ती कशाकशाची, ते एकेक घेऊन पाहू.

पहिली भीती नावाची. ए. ए. च्या सभेत हजेरीपट नसतो. आडनाव कोणी विचारीत नाही. तेथे कोण आला व काय बोलला, हे त्या खोलीबाहेर नेऊ नये, असा त्यांचा दंडक आहे. दुसरी भीती पैशाची. सभेस शुल्क नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सभासद आपापल्या इच्छेने काही टाकतात व त्यातून चहाचा व जागेचा खर्च भागतो. बाहेरच्यांची देणगी ते घेत नाहीत. हा नियम त्यांनी १९५० साली स्वीकारलेल्या आपल्या बारा परंपरांत घालून ठेवला आहे. तिसरी भीती धर्माची. तेथे गेल्याने माझ्या श्रद्धेस बाध येईल काय, असे काही भाविक विचारतात. त्या पायऱ्यांत परमेश्वराचे नाव आहे, पण प्रत्येकाने त्यास आपापल्या समजुतीप्रमाणे ओळखावे अशी मोकळीक आहे. एकाच बाकावर हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती बसतात. पाचव्या पायरीत आपले दोष दुसऱ्या एका माणसापुढे उघड करावयाचे असतात. त्याकरिता कित्येक सभासद धर्मगुरूकडे येतात. तेव्हा तेथे जाणारा देवळापासून दुरावतो, असे नाही. पुष्कळदा तो बऱ्याच वर्षांनी देवळाकडे वळतो.

चौथी भीती सर्वांत मोठी. तेथे मला काय विचारतील? खरे तर काहीच विचारीत नाहीत. सभा साधारणतः एकदीड तास चालते. शाळेचा वर्ग, देवळाचे सभागृह किंवा रुग्णालयाची खोली, असे कोणतेही साधे ठिकाण असते. आरंभी प्रार्थना होते. मग एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो, आणि आपण काय होतो, काय घडले व आता कसे आहोत ते सांगतो. मध्येच कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसाने नुसते ऐकले तरी चालते. आयुष्यभराची शपथ तेथे कोणी घालीत नाही. आज पिऊ नको, उद्याचे उद्या पाहू, एवढेच मागणे असते. सभासद होण्यास एकच अट आहे: पिणे थांबविण्याची इच्छा.

आता सभा शोधावी कशी, ते सांगतो. ए. ए. च्या भारतातील कार्यालयाच्या संकेतस्थळावर गावोगावच्या सभांची यादी व मदतीचे क्रमांक असतात. हाती भ्रमणध्वनी असेल तर दोन मिनिटांचे काम आहे. तो नसेल, किंवा वापरता येत नसेल, तर सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात विचारावे, आपल्या डॉक्टरास विचारावे, नाहीतर मजकडे यावे. यादी मिळाली म्हणजे लगेच निघू नये. आधी दूरध्वनी करावा. जागा बदलतात, वार बदलतात, आणि मोठ्या कष्टाने मन बांधून गेलेल्या माणसास बंद दार दिसले तर तो पुन्हा निघेलच असा भरवसा नाही. दूरध्वनीवर वार, वेळ, भाषा व सभा कोणत्या प्रकारची, हे चार प्रश्न विचारावे. काही सभा मराठीत, काही हिंदीत, कोकणीत किंवा इंग्रजीत चालतात. ‘बंद’ सभा केवळ ज्यांस पिणे थांबवावयाचे आहे त्यांच्याकरिता असते. ‘खुल्या’ सभेस पत्नी, भाऊ, मित्र कोणीही सोबत येऊ शकतो. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल त्याने आधी खुल्या सभेस जावे.

आपल्या गावी लाज वाटत असेल तर दोन स्थानके पुढे जावे. त्यात कमीपणा नाही. पुष्कळ जण तसेच करतात. दहा मिनिटे आधी पोहोचावे. चहा करणारा कोणीतरी असतोच, त्याच्याशी दोन शब्द बोलावे. निघण्यापूर्वी एका तरी सभासदाचा क्रमांक मागून घ्यावा. कारण सभा आठवड्यातून एकदोन दिवस भरते, तलफ मात्र वार पाहून येत नाही. एका सभेवरून मत बनवू नये. प्रत्येक गटाचे वळण निराळे. एक रुचला नाही तर दुसऱ्यात जावे. नवख्याने पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभांस जावे असे जुने सभासद सांगतात, ते उगाच नव्हे. ज्या स्त्रियांस हे व्यसन जडले आहे, त्यांची कुचंबणा दुप्पट असते; त्यांच्याकरिता काही ठिकाणी स्वतंत्र सभा आहेत, आणि २०२० च्या साथीपासून घरबसल्या संगणकावर भरणाऱ्या सभाही पुष्कळ झाल्या आहेत. आणि गावात सभाच नसेल तर? या बंधुत्वाच्या परंपरेप्रमाणे दोन-तीन मद्यपी केवळ मद्यमुक्तीच्या हेतूने एकत्र बसले, तरी तो गट होतो.

एक इशारा मात्र मी कळकळीने देतो. जो वर्षानुवर्षे रोज व पुष्कळ पितो, त्याने डॉक्टरांस न विचारता एकाएकी बंद करू नये. अशा माणसाने दारू तोडली म्हणजे पहिल्या काही दिवसांत हात कापणे, घाम सुटणे, झटके येणे, भास होणे, भ्रम होणे असे प्रकार होतात, आणि वेळीच उपचार न झाल्यास त्यात जीवही जातो. काही दिवस रुग्णालयात राहून, औषधाच्या आधाराने, शरीरातील दारू उतरवून घेता येते. तेव्हा आधी डॉक्टर, त्यानंतर सभा, किंबहुना दोन्ही. तसेच, नवऱ्यास न कळत जेवणात घालावयाची पूड वर्तमानपत्रांतील जाहिराती पाहून कोणी आणू नये. त्या पुडीत काय असते ते कोणी सांगत नाही. आणि दारूवर घ्यावयाची काही औषधे अशी आहेत की ती पोटात असता मनुष्य प्याला तर त्याच्या प्राणावर बेतते.

या सभांचा खरोखर उपयोग होतो काय, असे कोणी विचारील. २०२० साली ‘कॉक्रेन’ या वैद्यकीय परीक्षण करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास व १०,५६५ रुग्ण यांची माहिती एकत्र करून पाहिली. रुग्णांस पद्धतशीरपणे ए. ए. कडे वळविणारा उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचा, आणि पूर्ण मद्यत्याग टिकविण्याच्या बाबतीत त्यांहून काहीसा सरस, असे त्यात आढळले. सर्वांस गुण येतो असा याचा अर्थ नाही. काही जण घसरतात. घसरून परत येतात. परत आलेल्यास त्या खोलीत कोणी हिणवीत नाही. हे आपण त्यांच्यापासून शिकावे.

घरच्या माणसांविषयीही एक शब्द. पिणारा तयार नसला तरी त्याच्या पत्नीने वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ‘अल-अ‍ॅनॉन’ नावाचे कुटुंबीयांचे बंधुत्व १९५१ साली निघाले. त्यात बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस पुढे होत्या. १९५७ पासून किशोरवयीन मुलांकरिता ‘अलाटीन’ आहे. बाटल्या लपविणे, उसने फेडणे, नवरा आजारी आहे असे कचेरीत कळविणे, यांत जिची वर्षे गेली, तिला तेथे प्रथम हे कळते की नवऱ्याचे पिणे हा तिचा अपराध नव्हे. मात्र घरात मारहाण होत असेल तर सभेची वाट न पाहता आधी मुलांसह सुरक्षित जागी जावे.

बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे वळतो. येत्या महिन्यात धर्मग्राम मंडळापुढे असा प्रश्न यावयाचा आहे की, शाळेच्या तळमजल्यावरचा एक वर्ग आठवड्यातून एक सायंकाळ अशा गटास द्यावा की नाही. काही वडीलधाऱ्या मंडळींनी मजकडे येऊन शंका काढली आहे की, फादर, आपल्या आवारात दारूबाजांची सभा भरली तर गावाची अब्रू जाईल. त्यांचा हेतू चांगला आहे, हे मी जाणतो. परंतु मी नम्रपणे विचारतो, तो मनुष्य रात्री रस्त्याच्या कडेला पडलेला असतो, त्याची मुले त्यास ओढून घरी नेतात, तेव्हा अब्रू कोठे असते? जे सर्व गावाने पाहिले आहे, ते लपविण्याकरिता आपण दार बंद ठेवणार काय? दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमा बांधल्या, हे आपल्या लक्षात राहते. पण त्याने त्या जखमी माणसास एका धर्मशाळेत नेले, हे आपण विसरतो. वाटेवर ती धर्मशाळा नसती, किंवा तिच्या मालकाने अब्रूचा विचार करून दार लावले असते, तर त्या दयेचे काय झाले असते?

वर्ग दिला म्हणजे आपले काम संपले, असेही नाही. गटाने जागेचे अल्पसे भाडे देऊ केले तर ते घ्यावे. दान म्हणून नाकारू नये, कारण स्वतःचा भार स्वतः उचलणे हा त्यांच्या उपचाराचाच भाग आहे. सभेच्या वेळी त्या बाजूस कोणी डोकावू नये. जवळच्या सभांचे वार व वेळा दर रविवारच्या पत्रकात छापाव्या, म्हणजे कोणास थांबून वाचावे लागणार नाही व कोणास विचारावेही लागणार नाही. आणि आणखी एक गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. आपल्या पाहुणचारात आग्रह फार. लग्नाच्या मांडवात, बाप्तिस्म्याच्या जेवणात, “अरे, आजच्या दिवशी एक घोट घे, त्याने काय होते?” असे प्रेमाने म्हणणारे चुलते-मामे प्रत्येक घरी आहेत. त्या एका घोटाने काय होते, ते त्याच्या घरी विचारा. नको म्हणणाऱ्यास कारण विचारू नये. प्रत्येक मेजावर लिंबाचे सरबत असावे, म्हणजे ज्याच्या हाती सरबताचा पेला आहे त्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही. महोत्सवाच्या आजच्या भोजनापासूनच ही रीत सुरू करावी, अशी मी स्वयंपाकघराच्या मंडळींस विनंती केली आहे व त्यांनी ती मान्य केली आहे.

पन्नास वर्षांत या धर्मग्रामाने पुष्कळ बांधले. आता जे मागतो आहे त्याकरिता वीट लागत नाही, चुना लागत नाही. एक खोली, एक दिवा, काही बाके आणि आपले मौन, एवढे पुरे. धर्मग्राम मंडळाच्या सभासदांनी आपले मत देण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या एका घराचा तरी विचार करावा, अशी त्यांस विनंती आहे. ते घर कोणते, हे मला सांगण्याची गरज नाही. आणि या सभेत ज्या कोणास हे शब्द आपणांसच उद्देशून आहेत असे वाटले असेल, त्याने एवढे लक्षात ठेवावे की, त्याची वाट पाहणारी माणसे आज सायंकाळीही कोठेतरी बसलेली आहेत, आणि त्यांतील प्रत्येक जण एकदा त्याच्यासारखाच दाराबाहेर घुटमळला होता.

परमेश्वर आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो व या महोत्सवाचे पुढील वर्ष आपल्या घराघरांस सुखाचे जावो.